मढ्याच्या जागेचा मालक कोण?

गेल्या श्रावणांत आमच्या गांवीं एक म्हातारी वारली. जातीची कुंभारीण, वय ऐंशीच्या पुढें. साऱ्या गांवाला तिनें माठ दिले, पणत्या दिल्या, बेंदराचे मातीचे बैल दिले. तिच्या हातचें मडकें ज्या घरांत आलें नाहीं असें घर गांवांत सांपडायचें नाहीं. सकाळीं तिचा प्राण गेला आणि प्रेत उचलावयास दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. कां? तर ओढ्याला पाणी होतें, त्यांची मसणवट ओढ्यापलीकडे होती, आणि ओढ्याच्या अलीकडे गांवच्या पैशानें उभारलेली जी पत्र्याची शेड आहे तिच्यांत "आजवर त्यांचें कोणी जाळलेलें नाहीं" असें चार शहाण्यांनीं सांगितलें. कोणी नको म्हटलें नाहीं. पण कोणी या असेंहि म्हटलें नाहीं. म्हातारी रात्रभर अंगणांत ताडपत्रीखालीं पडून राहिली. आम्ही शाळामास्तर. पोरांना समतेचे धडे देतों. त्या रात्रीं आम्हीहि त्या अंगणांत बसून होतों, आणि आमच्याहि तोंडून शब्द फुटला नाहीं. ही कबुली आधीं देतों आणि मग पुढचें लिहितों.

आतां पंचायतीपुढें नव्या शेडीचा प्रश्न आला आहे. कित्येक म्हणतात, "वाडीवाडीला लहान लहान शेड द्या, म्हणजे तंटाच मिटला." कित्येक म्हणतात, "एकच मोठी बांधा. पण कोणी कोठें जावें हें ठरावांत लिहूं नका, गांवाच्या समजुतीवर सोडा." दोन्ही मतें ऐकावयास गोड आहेत. दोहोंतहि खोट आहे. ती खोट कोठें आहे हें दाखविण्यासाठीं आज आम्ही वाचकांना फार लांब नेणार आहों. फ्रान्स देशांत पॅरिस शहर आहे. त्या शहराच्या सरकारी मसणवटीची हकीकत आम्ही सांगणार. शेतकरी बंधु म्हणतील, मास्तर, मढें आमचें आणि गोष्ट पॅरिसची कां? त्याचें कारण एवढेंच कीं, जी लढाई आपण कुजबुजत लढतों ती त्या लोकांनीं शंभर वर्षें उघडपणें लढली, आणि तिच्यांतला प्रत्येक डाव कायद्याच्या कागदावर उमटला. दुसऱ्याच्या शेतांत पीक कां बुडालें हें बांधावर उभें राहून पाहणारा आपलें बीं वांचवितो.

जुन्या पॅरिसांत मढ्याची जागा देवळाच्या हातीं होती. श्रीमंत मेला कीं त्याला प्रत्यक्ष देवळाच्या फरशीखालीं पुरीत. तेथेंहि पायरी होती. वेदीच्या जितकें जवळ, तितका दर चढा. देवाच्या पायाशीं जागा पाहिजे असेल तर पैसे मोजा! गरिबाला देवळाच्या आवारांतला मोठा चर. त्या चरांत प्रेतावर प्रेत ठेवीत आणि चर भरला कीं माती लोटून दुसरा खणीत. शहराच्या मध्यावर, मोठ्या बाजाराला लागून, इनोसां नांवाची मसणवट होती. तेथें कैक शतकें मढीं पुरलीं जात होतीं. जागा तेवढीच आणि मढीं वाढतीं. मग जुनीं हाडें उकरून भिंतीलगतच्या माळ्यांवर रचीत आणि खड्डा पुन्हा नव्या मढ्याला देत. भोंवतालची जमीन फुगून वर आली. आसपासच्या लोकांनीं तक्रारी केल्या, डॉक्टरांनीं अहवाल लिहिले, न्यायसभेनें १७६५ सालीं शहरांतील मसणवटी बंद करण्याचा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला. १७७६ सालीं खुद्द राजानें देवळांत पुरण्यावर बंधन घातलें. पण बडे धर्माधिकारी आणि देवळाचे आश्रयदाते यांना सूट ठेविली. ज्यांना सूट असते त्यांच्यासाठींच नियम करावा लागतो, आणि ज्यांच्यासाठीं नियम करावा त्यांनाच सूट मिळते, हा अनुभव कांहीं एकट्या फ्रान्सचा नव्हे.

अखेर १७८० सालीं मढ्यांनीं स्वतःच फिर्याद केली. इनोसांच्या शेजारीं एका घराचें तळघर होतें. मसणवटीच्या मातीच्या भारानें त्याची भिंत फुटली आणि कुजकीं प्रेतें तळघरांत ओसंडलीं. तेव्हां कोठें ती जागा बंद झाली. १७८६ पासून तेथलीं हाडें रात्रीच्या वेळीं काळें कापड घातलेल्या गाड्यांतून शहराखालच्या जुन्या दगडखाणींत नेऊं लागले. पुढें शहरांतल्या इतर मसणवटींचीं हाडेंहि तेथेंच गेलीं. आज त्या खाणींत सुमारें ६० लाख माणसांचीं हाडें रचलेलीं आहेत असें मानतात. वेदीजवळच्या जागेचे पैसे मोजलेले आणि चरांतले फुकटे तेथें एका ढिगांत पडले आहेत. कवटीवरून सावकार कोण आणि हमाल कोण हें कोणी सांगून दाखवावें!

जागा ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं आणखी एक शस्त्र असतें. तें म्हणजे नकार. मोलिएर हा फ्रान्सचा थोर नाटककार. ढोंगी धर्मात्म्यांचें सोंग त्यानें रंगभूमीवर उघडें केलें होतें. १७ फेब्रुवारी १६७३ रोजीं तो वारला. नटाचा धंदा पापाचा. मरतांना त्यानें तो सोडल्याचें पाद्र्यासमोर कबूल केलें नाहीं. म्हणून पाद्र्यानें त्याला मूठमाती नाकारली. त्याची बायको थेट राजाकडे धांवली. राजानें शब्द टाकला तेव्हां धर्मगुरूनें परवानगी दिली, पण कशी? रात्रीं पुरा, थाटमाट करूं नका! ज्यानें अर्धा देश हंसविला त्याला चोराच्या मालासारखें अंधारांत न्यावें लागलें. वाचकहो, जिवंतपणीं ज्याला उत्तर देतां येत नाहीं त्याचा सूड मढ्यावर उगवावयाचा, हा धर्माच्या मक्तेदारांचा सोपा मार्ग आहे. मढें उलट बोलत नाहीं, आणि घरच्या माणसांच्या अंगांत त्या दिवशीं भांडण्याचें बळ नसतें. हीच संधि साधून जगांत सर्वत्र मक्ते उभे राहिले आहेत.

पुढें १७८९ ची राज्यक्रांति झाली. देवळांची मालमत्ता राष्ट्राची झाली. नेपोलियनाच्या अमदानींत निकोला फ्रोशो नांवाचा अधिकारी पॅरिसचा कारभार पाहत असे. शहराच्या पूर्वेला एक टेकडी होती. तेथें पूर्वीं जेझुइट पंथाच्या पाद्र्यांचें विश्रामगृह होतें, आणि चौदाव्या लुई राजाचा पापनिवेदन ऐकणारा पाद्री, फादर ला शेझ, तेथें येऊन राहत असे. ती टेकडी फ्रोशोनें शहरासाठीं विकत घेतली. ब्रोंन्यार नांवाच्या वास्तुशिल्प्यानें वाटा आंखल्या, झाडें राखलीं. सरकारी नांव ठेविलें पूर्वेची दफनभूमि. पण लोकांच्या तोंडीं जुनें नांव बसलें, पेर लाशेझ. पाद्र्याची जमीन गेली, नांव तेवढें राहिलें! २१ मे १८०४ रोजीं तेथें पहिलें दफन झालें. तें कोणा सरदाराचें नव्हतें. सेंट आंत्वान या कारागिरांच्या वस्तींतली ती पांच वर्षांची मुलगी होती. जेथें आज जगांतले नामवंत निजले आहेत त्या भूमीचा पहिला खड्डा गरिबाच्या लेकरासाठीं खणला गेला. त्या लेकराच्या थडग्याचा मात्र आज मागमूस नाहीं. तो कां नाहीं, हें पुढें येईल.

त्यानंतर तीनच आठवड्यांनीं, १२ जून १८०४ रोजीं, नेपोलियनाचें फर्मान निघालें. देवळांत किंवा शहराच्या आंत कोणालाहि पुरूं नये. दफनभूमि वस्तीपासून निदान ३५ ते ४० मीटर दूर असावी. प्रत्येक मढ्याला वेगळा खड्डा, दीड ते दोन मीटर खोल. पांच वर्षांच्या आंत तो खड्डा उकरूं नये. मसणवटीवर देखरेख नगराच्या अधिकाऱ्यांची. आणि सर्वांत मोठी गोष्ट: एखाद्या पाद्र्यानें कोणत्याहि सबबीवर दफनाला येण्याचें नाकारलें, तर सरकारी अंमलदारानें दुसरा धर्माधिकारी आणावा, मढें नेणें आणि पुरविणें हें सरकारचें काम आहे. मोलिएरच्या बायकोला जें राजाच्या पायांवर डोकें ठेवून मिळवावें लागलें, तें १३१ वर्षांनीं हक्क म्हणून लिहिलें गेलें. दया आणि हक्क यांत अंतर तें हेंच. दया राजाच्या मर्जीवर, हक्क कागदावर.

येथेंच गोष्ट संपली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. त्या फर्मानाला तीन भोकें होतीं. तीं बुजवितां बुजवितां शंभर वर्षें गेलीं, आणि एक तर अजून बुजलेलें नाहीं.

पहिलें भोंक कुंपणाचें. फर्मानानें सांगितलें कीं, गांवांत जितके धर्मपंथ असतील तितके दफनभूमीचे वेगळे भाग करावेत, आणि मध्यें भिंत, कुंपण किंवा खंदक घालावा. पेर लाशेझमध्यें १८१० सालीं यहुद्यांचा भाग भिंतीनें वेगळा झाला. १८५७ सालीं मुसलमानांचा भाग वेगळा झाला. ह्याच भागांत आपल्या देशाची एक राणी निजली आहे. अयोध्येच्या वाजिद अली शहांचें राज्य १८५६ सालीं इंग्रजांनीं घेतलें, तेव्हां त्यांची आई मलिका किश्वर दाद मागण्यासाठीं विलायतेस गेली. दाद मिळाली नाहीं. परत येतांना जानेवारी १८५८ मध्यें ती पॅरिस येथें वारली, आणि जिचें राज्य गेलें तिला परक्या शहराच्या मसणवटींत जागा मिळाली. आतां कोणी म्हणेल, वेगळे भाग झाले त्यांत वाईट काय? ज्याला त्याला आपली जागा मिळाली. वाईट हें कीं, जो कोणत्याच भागांत बसत नाहीं त्याचें काय? ज्यानें धर्म सोडला, ज्याला पाद्र्यानें वाळींत टाकलें, ज्यानें जीव दिला, त्याला भिंतीबाहेर कोपऱ्यांत टाकीत. भिंत घातली कीं भिंतीचा पहारेकरी आलाच, आणि आंत कोण व बाहेर कोण हें तोच ठरवूं लागतो. हें ओळखून १४ नोव्हेंबर १८८१ रोजीं फ्रान्सच्या लोकसभेनें तें कलम रद्द केलें आणि मधल्या भिंती पाडल्या. थडग्यावर क्रूस लावा, चंद्रकोर लावा, कांहींच लावूं नका. पण भूमि एक. लहान लहान शेड मागणाऱ्यांनीं हें तारीखवार वाचावें. पॅरिसनें ७७ वर्षें जें करून पाहिलें आणि मोडून टाकलें, तें आज आपण तंटा मिटविण्याचें औषध म्हणून नव्यानें आणूं पाहतों.

दुसरें भोंक मक्त्याचें. जमीन शहराच्या ताब्यांत आली, पण मढें नेण्याची गाडी, काळे पडदे, मेणबत्त्या, सजावट हें सारें पुरविण्याचा मक्ता त्याच फर्मानानें देवळांच्या मंडळांना दिला. दुसऱ्या कोणी तें पुरविलें तर दंड. मग दराची यादी निघाली. अंत्ययात्रांचे वर्ग पडले. वरच्या वर्गाला अनेक घोडे, चांदीच्या झालरी. खालच्याला साधी गाडी. अगदीं गरिबाला फुकट, पण फुकट म्हणजे कसें तें गरिबालाच ठाऊक. माणूस कोणत्या पायरीवर मेला हें रस्त्यावरच्या पोराला घोडे मोजून कळे. जमीन सुटली तरी भटजी सुटत नाहीं, तो दक्षिणेच्या वाटेनें परत येतो, हा आमच्या लोकांचा पिढीजात अनुभव. तो सातासमुद्रांपलीकडेहि खरा ठरावा याचें आम्हांला तरी नवल वाटत नाहीं. हा मक्ता मोडावयास पुरीं शंभर वर्षें लागलीं. २८ डिसेंबर १९०४ च्या कायद्यानें तो देवळांकडून काढून नगरांकडे दिला. पुढें १९९३ च्या कायद्यानें नगरांचाहि मक्ता संपविला.

१८८१ आणि १९०४ या दोन कायद्यांच्या मध्यें आणखी एक कायदा झाला, आणि त्याचें साल आमच्या वाचकांनीं मनावर कोरून ठेवावें. १५ नोव्हेंबर १८८७. त्या दिवशीं फ्रान्सनें ठरविलें कीं, प्रत्येक सज्ञान माणसाला आपला अंत्यविधि धर्मानें व्हावा कीं धर्मावांचून व्हावा, देह पुरावा कीं कसें, हें स्वतः ठरविण्याचा अधिकार आहे. एकच वर्ष आधीं, १८८६ सालीं, रोमच्या धर्मपीठानें प्रेत जाळण्यास मनाई केली होती. पेर लाशेझमध्यें दहनभट्टी उभी राहिली आणि १८८९ सालीं तेथें पहिलें दहन झालें. धर्मपीठानें आपली मनाई १९६३ सालीं मागें घेतली.

आतां त्याच १८८७ च्या जुलै महिन्यांत आपल्या पुण्यास काय घडलें तें पहा. जोतीराव फुल्यांनीं आपलें मृत्युपत्र केलें, आणि आपला देह जाळूं नये, मिठांत पुरावा, अशी इच्छा त्यांत लिहून ठेविली. पॅरिसांत धर्माचा जुलूम नाकारणारा म्हणत होता, मला जाळा. पुण्यांत तो नाकारणारा म्हणत होता, मला पुरा. मागणें उलटें, पण मूळ एकच. माझ्या देहाचें शेवटचें कसें करावें हें मी सांगेन, मक्तेदार सांगणार नाहीं! फरक पुढें पडला. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजीं वारले. घरामागें खड्डा खणून ठेवलेला होता. परंतु वस्तींत पुरण्यास म्युनिसिपालिटीची परवानगी मिळाली नाहीं, म्हणून देह जाळावा लागला. ज्या म्युनिसिपालिटीचे ते १८७६ पासून कांहीं वर्षें सभासद होते, तीच ही. टिटवें कोणीं धरावें यावरून भाऊबंदांनीं तंटा केला तेव्हां सावित्रीबाई पुढें झाल्या आणि त्यांनीं स्वतः टिटवें हातीं घेतलें. वस्तींत पुरूं नये हा नियम आरोग्याचा आहे, इनोसांची भिंत फुटली ती आठवली तर त्याला नांव ठेवतां येत नाहीं. पण वस्तींत पुरूं नका म्हणणाऱ्यानेंच, मग कोठें पुरा, हेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं म्हणण्याचा अधिकार ज्याला, सोय करण्याचें कर्तव्यहि त्यालाच. फ्रान्सच्या नागरिकाच्या इच्छेमागें कायदा उभा होता. जोतीरावांच्या इच्छेमागें एक बाई उभी राहिली. तिनें जेवढें करतां येईल तेवढें केलें.

तिसरें भोंक पैशाचें, आणि तें अजून उघडें आहे. फर्मानानें म्हटलें होतें कीं, जागा पुरेशी असेल तेथें, जे कोणी गरिबांच्या आणि दवाखान्यांच्या उपयोगासाठीं देणगी देतील त्यांना कायमची जागा द्यावी. हेतु वाईट नव्हता. श्रीमंताच्या थडग्यांतून गरिबाला औषध मिळावें. पण झालें काय? आरंभीं पेर लाशेझ लोकांना लांब वाटे. पहिल्या वर्षीं थडगीं झालीं अवघीं १३. मग १८१७ सालीं मोलिएर आणि ला फोंतेन यांचीं म्हणून दाखविलेलीं हाडें तेथें आणून पुरलीं. ज्या मोलिएरला रात्रीं लपवून नेलें, त्याच्याच नांवावर आतां जागेची जाहिरात झाली! थोरामोठ्यांशेजारीं निजण्याची हौस सुटली. १८३० पर्यंत थडगीं ३३,००० च्या वर गेलीं. संगमरवरी देवळ्या, पुतळे, लोखंडी दारें उठलीं. आरंभींचें १७ हेक्टरचें रान वाढत वाढत ४४ हेक्टर झालें, म्हणजे आपल्या हिशेबानें शंभर एकरांच्या वर. आणि गरीब? वेगळ्या खड्ड्याचा कायदा असूनहि त्याला लांबलचक चरच मिळाला, पेटीला पेटी लावून. मुदत पांच वर्षांची. पांच वर्षें झालीं कीं हाडें काढून जागा दुसऱ्याला. त्या पांच वर्षांच्या मुलीचें थडगें आज कां नाहीं, याचें उत्तर हेंच. वेदीपासून किती हात हा जुना दर गेला. वर्षें किती हा नवा दर आला.

ही असमता डोळ्यांनीं पाहावयाची असेल तर त्याच टेकडीवर दोन जागा आहेत. १८७१ सालीं पॅरिसच्या कामगारांनीं आणि कारागिरांनीं शहराचा कारभार हातीं घेतला. त्या राज्याला कम्यून म्हणतात. तें दोन महिने टिकलें. मेच्या अखेरीस सरकारी फौज शहरांत घुसली. शेवटच्या झुंजींपैकीं एक याच थडग्यांमध्यें झाली. पूर्वेच्या भिंतीपाशीं १४७ कैद्यांना उभें करून गोळ्या घातल्या आणि तेथेंच चरांत लोटलें. ज्या सरकारनें ही फौज पाठविली त्याचा मुख्य तियेर हा १८७७ सालीं वारला. त्याचें थडगेंहि याच पेर लाशेझमध्यें आहे, आणि तें सर्व मसणवटींतल्या मोठ्यांत मोठ्या इमारतींपैकीं एक आहे. मारणाऱ्यावर घुमट चढला. मेलेल्यांच्या भिंतीवर साधी पाटी लागावयास १९०८ साल उजाडलें. पण वाचकहो, नवल पुढेंच आहे. १८८० पासून दर मे महिन्यांत कष्टकरी लोक मिरवणुकीनें त्या भिंतीकडे जातात. घुमट चढविला पैशानें. भिंतीची आठवण राखली पायीं येणाऱ्या माणसांनीं.

त्या भूमींत आपल्या मुंबईचे जे. आर. डी. टाटाहि आहेत. १९९३ सालीं ते जिनीव्हा येथें वारले आणि पॅरिसला त्यांचें दफन झालें. त्यांच्या आई फ्रेंच होत्या. उद्योगपतीला कुटुंबाची कायमची जागा असते. ज्याला ती नाहीं तो पॅरिसचा गरीब आज शहराबाहेर त्ये नांवाच्या दफनभूमींत जातो. शहर त्याला फुकट जागा देतें, पण पांचच वर्षें. २००३ च्या ऑगस्टांत उन्हाच्या लाटेनें फ्रान्समध्यें सुमारें १५,००० माणसें दगावलीं, बहुतेक म्हातारीं. त्यांतलीं ५७ प्रेतें अशीं होतीं कीं त्यांना न्यावयास कोणी आलें नाहीं. शहरानें तीं त्ये येथें पुरलीं, आणि देशाचे अध्यक्ष स्वतः त्या दफनाला उभे राहिले. आम्ही हें वाचलें तेव्हां आमच्या मनांत दोन विचार आले. पहिला असा कीं, ज्याचें कोणी नाहीं त्याच्यापाशीं देशाच्या प्रमुखानें उभें राहावें, ही लाज राखणारी गोष्ट आहे. दुसरा असा कीं, पांच वर्षांनीं तेथें कोण उभें राहणार?

एवढी हकीकत ऐकून कोणी पोक्त गृहस्थ म्हणतील, "मास्तर, मेल्यावर कसली आली समता? माणूस गेला, राख झाली. जिवंतांच्या भाकरीचें बोला." आम्ही म्हणतों, मढ्याला समतेची गरज नाहीं हें अगदीं खरें. त्या म्हातारीला ताडपत्री आणि शेड यांतला भेद कळला नाहीं. कळला तो अंगणांत बसलेल्या तिच्या नातवाला. तो आमच्या चौथींत आहे. दुसऱ्या दिवशीं शाळेंत आल्यावर त्यानें आम्हांला एकच प्रश्न विचारला: "गुरुजी, ती शेड कोणाची आहे?" आम्हीं त्याला उत्तर दिलें नाहीं. मसणवट मेलेल्यांसाठीं असते ही समजूतच चुकीची. ती जिवंतांची शाळा आहे. कोण आंतला आणि कोण बाहेरचा हें पोर तेथें शिकतें, आणि आमचे वर्गांतले दहा धडे त्यापुढें फोल होतात.

दुसरे म्हणतील, "आमचे रिवाज वेगळे. कोणी जाळतो, कोणी पुरतो. लिंगायत बसवून पुरतात, मुसलमानांची रीत वेगळी. एकत्र कसें करावें?" रिवाज मोडा असें आम्ही म्हणत नाहीं. पॅरिसनेंहि १८८१ नंतर कोणाचा मंत्र बंद केला नाहीं. भिंत तेवढी पाडली. विधि ज्याचा त्याचा, जागा सर्वांची. जाळणाऱ्याला चौथरा, पुरणाऱ्याला माती. पण वाट एक, पाणी एक, आणि मालक एक. तो मालक म्हणजे सारें गांव.

आणि जे म्हणतात, "लिहूं नका, समजुतीवर सोडा," त्यांना आमचें हात जोडून सांगणें आहे कीं समजुतीवर सोडल्याचें फळ आम्हीं गेल्या श्रावणांत पाहिलें. त्या दिवशीं कोणी वाईट नव्हतें. कोणी शिवी दिली नाहीं. समजूत होती, तिनें काम केलें. लिहिलेला नियम नसला कीं न लिहिलेला नियम चालतो, आणि न लिहिलेला नियम नेहमीं बळकटाच्या बाजूचा असतो. पॅरिसचा सगळा इतिहास हेंच सांगतो. जें लिहिलें गेलें तें उशिरा का होईना पण गरिबाच्या हातीं लागलें. जें मर्जीवर राहिलें तें पैसेवाल्याकडे गेलें.

म्हणून येत्या ग्रामसभेंत आम्ही तीन ओळींचा ठराव मांडणार आहों. पहिली ओळ: गांवची स्मशानभूमि आणि दफनभूमि गांवांत मरणाऱ्या प्रत्येक माणसाची आहे, जात व धर्म न पाहतां. दुसरी: तिच्याकडे जाणारी बारमाही वाट आणि ओढ्यावरचा साकव हें शेडीच्या आधीं करावें, कारण वाट नसलेली शेड म्हणजे दार नसलेलें घर. तिसरी: तेथें कोणाच्याहि नांवाची पाटी, कोणाचा राखीव चौथरा असूं नये, आणि देणगी देणाऱ्याला आभारापलीकडे कांहीं मिळूं नये. ही तिसरी ओळ आम्ही पेर लाशेझकडून शिकलों. देणगीच्या दारानें विषमता कशी परत येते तें वर सांगितलेंच आहे.

शेतकरी, कुंभार, सुतार, लोहार, न्हावी, परीट, मांग, महार, मुसलमान अशा सर्व घरांतल्या बायाबापड्यांनीं त्या दिवशीं ग्रामसभेला यावें. ठरावाच्या बाजूनें हात वर करणाऱ्यांची मोजदाद लिहून घ्यावी. आमचा हात वर असेल. ठराव फसला तर पुढच्या सभेंत पुन्हा मांडूं. पॅरिसला एकेक भोंक बुजवावयास ७७ वर्षें आणि १०० वर्षें लागलीं. आम्हांला एवढी सवड नाहीं. चौथींतलें पोर उत्तराची वाट पाहत आहे.